मागे दोन, पुढे तीन

लिव्हिंग्स्टन मॅनरला दर मंगळवारी
मी ऑरिन व्हॅन क्यूरनच्या हातांना भेटायला जाते.
फॉर्मवर त्याच्या नावाच्याही वर लिहिलंय: दोन्ही हात, कंप.
रबरी चेंडू दाबा. सोडा. दाबा.
तो दोनदा दाबतो, तिसऱ्यांदा चेंडू
खिडकीतून कोंबड्यांकडे भिरकावतो
आणि म्हणतो, बस. दिवा जवळ ओढ.

टेबलाला शिकंजा, शिकंज्यात गळ,
भाताच्या लांबड्या शिताएवढा.
त्यावर बदकाच्या पिसाचे दोन पंख, जुने, त्यानेच बांधलेले,
हात बरे होते तेव्हा.
आता मानेचं पीस लपेटायचं, म्हणजे माशी पुरी होईल.
पीस राखाडी, तिरकं धरलं की निळं.
ज्याचं आहे त्या कोंबड्याचं नाव जज.
तो अजून हयात आहे, अंगणात फिरतो,
मानेवरचं टक्कल मिरवत.

वाकव. गळाशी लावून बघ.
तंतू गळाच्या तोंडाच्या दीडपट हवेत.
दीडपट म्हणजे दीडपट,
पावणेदोन झाले की माशी पाण्यावर उताणी.
बुडाचा कापूस ओढून टाक, दयामाया नको,
पाणी शिरतं ते तिथूनच.
देठ जरा उघडा राहू दे,
नाहीतर पहिल्याच वेढ्याला तंतू फिसकटतात
आणि मागचे सगळे त्यांचंच बघून वाकडे होतात.

मागे दोन, पंखांपुढे तीन.
वेढ्याला वेढा खेटून. अंगावर चढायचं नाही.
आणि ताण?
तो बोट उचलतो दाखवायला. बोट थरथरतं.
तो ते दुसऱ्या हाताने खाली ठेवतो,
दुसऱ्याचं सामान ठेवावं तसं.

तुटेपर्यंत ताणू नये, एवढं मला माझ्या भाषेने शिकवलंय.
त्याच्या किती अलीकडे थांबायचं, ते म्हणीत नाही.
मिरजेला आप्पा तंबोऱ्याच्या तारेखाली
सुताचा दोरा सरकवायचे, जवारीसाठी,
केसभर पुढे, अर्धा केस मागे.
कसं कळतं, विचारलं तर म्हणायचे,
तार बोलायला लागली की हात काढायचा.
मी तेव्हा गृहपाठ करत होते. हात घातलाच नाही कधी.

पहिलं पीस तुटलं.
ऑरिनने डोळे मिटले. बाहेर जज आरवला, योगायोगाने.
दुसऱ्याचे तंतू वेढ्याखाली अडकून चेंगरले.
तिसरं बसलं. गोल, टोकदार, उभं.
छान झालंय, मी म्हणाले.
छान माशाला कशाला हवं? एक वेढा जास्त आहे. सोड.

सोडलं.
पीस सुटं झालं तरी सरळ होईना,
टेबलावर स्प्रिंगसारखं वळून पडलं,
सहाही वेढे अंगात जसेच्या तसे.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आमच्याकडे म्हणतात,
हट्टी माणसांना.
मी ते त्याला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला.
सुंभापाशीच अडले. काथ्याची दोरी, म्हणाले, जळलेली.
तो बराच वेळ हसला, इतका की हात थांबले,
निदान मला तसं वाटलं. फॉर्मवर मी ते लिहिलं नाही.

एप्रिलच्या शेवटी विलोवीमॉक ओढ्यात
त्याच्या मुलीचे रबरी बूट घालून मी गुडघाभर पाण्यात.
तो काठावर, घडीच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी.
माशी उतरली. तंतूंच्या टोकांवर उभी राहिली,
पाण्याला कातडी असते, ती जराशी दबली,
फाटली नाही.
खालून एक ट्राउट वर आला, तपकिरी, सावकाश,
नाकाशी आणून पाहिलं,
आणि गेला.

साडेपाच! काठावरून तो ओरडला.
मी माशी तळहातावर घेऊन मोजलं.
साडेपाचच होते.